संथ लयीतला मारिओ

पुणतांब्यातला मारिओ जपानमधल्या मारिओपेक्षा हळू पळायचा आणि व्हिडिओ गेममध्ये त्याच्यामागे वाजणारं गाणंही हळू वाजायचं. हे केवळ आठवणीच्या भरवशावर सांगत नाही, ते मोजता येतं. टोकियोतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या घरात ज्या वाजवण्याला ३ मिनिटं लागत, त्याला आमच्याकडे ३ मिनिटं ३६ सेकंद लागत. सूर मात्र जवळजवळ जागचे हलत नसत. तीच चीज, तीच पट्टी, लय मात्र उतरलेली. लय उतरली की गाणं नुसतं लांबत नाही. दोन सुरांमधली मोकळी जागा ऐकू यायला लागते, तालाचा धक्का सौम्य होतो आणि गाण्याचा स्वभावच पालटतो. आमच्या पिढीच्या कानात बसलेला मारिओ हा असा स्वभाव पालटलेला मारिओ आहे.

पुणतांबा हे राहाता तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं गाव. वारकऱ्यांना ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक, रेल्वेने येणाऱ्यांना दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा इथे फुटतो म्हणून ठाऊक, आणि १ जून २०१७ पासून शेतकरी संपाचं गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. जुन्या संगणकांच्या आणि गेम-यंत्रांच्या संगीताची तुलना करताना या गावापासून सुरुवात करायला कारण आहे. या विषयावर जगात जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक जपानी, अमेरिकी आणि ब्रिटिश कानांनी ऐकलेलं असतं. पण ती यंत्रं आणि त्यांच्या नकला ऊस-कांद्याच्या पट्ट्यातल्या गावांतही वाजत होत्या. इथल्या टीव्हीवर, इथल्या विजेवर ती कशी वाजली याची नोंद कुणी ठेवली नाही. मला ती नोंद हवी आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे आलेल्या यंत्राला कुणी निन्टेंडो म्हणत नसे. तो 'टीव्ही गेम', नाहीतर नुसताच 'व्हिडिओ गेम'. खेळ ज्यात भरलेला असे ती 'कॅसेट', हातात धरायचा तो 'रिमोट'. कॅसेट लागली नाही की बाहेर काढून तिच्या तोंडावर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. शहरातल्या दुकानांत मीडिया कंपनीचे 'लिटल मास्टर' आणि 'विझ किड' मिळत. 'सामुराई' या नावाने निन्टेंडोचं अधिकृत यंत्रही भारतात विकलं गेलं. गावात मात्र बहुधा बिननावाचा किंवा भलत्याच कुणाचं नाव चिकटवलेला डबा यायचा. शिर्डीतल्या खेळण्यांच्या दुकानांतून, मनमाड-नाशिककडून, मुंबईच्या मामाच्या पिशवीतून. आत असायची ती निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या 'फॅमिकॉम'ची नक्कल.

या खेळांपैकी बहुतेकांत प्रगती साठवून ठेवायची सोय नव्हती, आणि भारनियमन तर रोजचंच. लाइट गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिल्या टप्प्याचं संगीत गावातल्या पोरासोरांना तोंडपाठ होतं. जमिनीखालच्या बोळातलं, पाण्यातलं वॉल्ट्झसारखं तीन मात्रांवर डुलणारं, किल्ल्यातलं घाबरवणारं संगीत तुलनेने थोड्यांनी नीट ऐकलं. वीज मंडळाच्या वेळापत्रकाने आमची संगीताची आवड ठरवली असं म्हटलं, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता लय उतरण्याचं कारण. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि आपल्याकडचा टीव्हीही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. जपान-अमेरिकेतला टीव्ही ६० वेळा रंगवायचा. त्या काळच्या खेळांकडे वेगळं घड्याळ नसे. टीव्हीवर एक चित्र पूर्ण झालं की खेळाचा प्रोग्राम जागा होई, मारिओला एक पाऊल पुढे टाकी, संगीत एक घर पुढे सरकवी आणि पुढच्या चित्राची वाट पाहत बसे. सेकंदाला ६० घरं सरकावीत म्हणून लिहिलेलं संगीत ५० घरं सरकू लागलं की त्याला सहापंचमांश पट वेळ लागणारच. मारिओची उडीही तेवढीच लांबायची. तो हवेत जरा जास्त वेळ तरंगायचा, आणि आम्हाला तेच त्याचं वजन वाटायचं.

सुरांचं गणित निराळं. सूर निघतो यंत्राच्या मुख्य स्पंदनापासून, टीव्हीच्या चित्रांशी त्याचा संबंध नाही. जपानी फॅमिकॉमचं स्पंदन सेकंदाला सुमारे १७.९ लाख. निन्टेंडोने युरोपसाठी जे ५० हर्ट्झचं यंत्र बनवलं त्यात ते १६.६ लाखांवर आणलं. त्यामुळे जपानी कॅसेट जशीच्या तशी त्यावर चालवली तर लय तर उतरेच, वर सूरही अर्ध्या स्वरापेक्षा अधिक, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीहून जास्त, खाली घसरे. नकला करणाऱ्या तैवानी कारखानदारांनी मात्र हुशारी केली. युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, म्हणजे यूएमसी, या कंपनीने ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनवलेल्या चिपचं स्पंदन १७.७ लाखांच्या पुढे ठेवलं. मूळ सुरापेक्षा फरक पडला तो अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाएवढा. तयार कानालाही तो सहज कळणार नाही. म्हणजे सुरांच्या बाबतीत आमचा स्वस्तातला डबा युरोपातल्या अधिकृत यंत्रापेक्षा मूळ रचनेशी जास्त प्रामाणिक होता.

या यूएमसीचा आपल्या घराशी आणखी एक संबंध आहे. तीन पायांची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी 'यूएम ६६' नावाची आयसी याच कंपनीची. दारावरच्या बेलमध्ये, उघडलं की वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या मुलांच्या पहिल्यावहिल्या सर्किटमध्ये ती असे. तिच्या पोटात ६४ सुरांची एक धून कायमची कोरलेली, आणि एका वेळी एकच सूर. मारिओचं गाणं आणि दारावरची बेल एकाच कंपनीच्या सिलिकॉनमधून आमच्याकडे आली, हे मला फार उशिरा कळलं.

श्रीरामपुरात एक टीव्ही दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर जुने गेम पडून होते. मी मागितले तेव्हा त्यांनी दोन खाली काढले आणि तिथेच उघडून दाखवले. जुन्यात मोठा हिरवा बोर्ड आणि त्यावर वेगवेगळ्या आयसी. नव्यात अगदी लहान बोर्ड आणि मधोमध काळ्या रेझिनचा एक गोळा. सगळं यंत्र त्या गोळ्याखाली. "जुना दुरुस्त होतो. कंडेन्सर सुकलेत, बदलून देतो. ह्या गोळ्यावाल्याचं काय करणार? चालला तर चालला, नाहीतर भंगार," ते म्हणाले. कंडेन्सर बदलल्यावर जुना डबा लागला. त्याच्या ऑडिओची वायर मी टीव्हीऐवजी मोठ्या स्पीकरला जोडली आणि खालचा खर्ज पहिल्यांदा नीट ऐकला. टीव्हीच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो लहानपणी दबूनच यायचा.

या चिपमध्ये पाच आवाज आहेत. दोन चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. चौकोनी आवाजाला चार प्रकारचे रंग देता येतात. लहर वर राहण्याचा वेळ साडेबारा टक्के ठेवला तर आवाज बारीक आणि नाकातला येतो, पन्नास टक्के ठेवला तर पोकळ आणि गोल. त्रिकोणी आवाजाला लहान-मोठं होणं माहीतच नाही. तो एकतर आहे किंवा नाही. पण तो २७ हर्ट्झपर्यंत खाली उतरू शकतो, म्हणून खर्ज त्याच्याकडे. खरखर ताल धरते. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत एवढ्यावर बांधलं. अख्खा खेळ, चित्रं, नियम, संगीत सगळं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर आलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो याहून मोठा असतो.

काही तैवानी चिपमध्ये एक चूक होती, आणि तिच्यावर माझा जीव आहे. २५ टक्क्यांचा रंग आणि ५० टक्क्यांचा रंग यांची अदलाबदल झाली होती. संगीतकाराने जिथे बारीक आवाज मागितला तिथे गोल आवाज येई, आणि उलट. सूर बरोबर, लय ठरलेली, पण गळा दुसऱ्याचा. ज्या मुलाने अशाच डब्यावर गाणं पहिल्यांदा ऐकलं त्याला पुढे मूळ जपानी ध्वनिमुद्रण ऐकताना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, आणि काय बिघडलं ते सांगता येत नाही.

गावात भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक बुवा आहेत. त्यांना हे सगळं ऐकवावं असं वाटलं, कारण मला संगणकाचं थोडं कळतं आणि त्यांना सुराचं पुष्कळ. आधी आमच्या डब्यावरचा मारिओ लावला, मग लॅपटॉपवर साठच्या गतीचा. बुवांनी मांडीवर ठेका धरला होता. दुसऱ्याला तो सोडला.

"हे मागं कोण लागलंय म्हणून पळतंय का काय?" ते म्हणाले. "पहिलं बरं हाय. त्याच्यात समेवर यायला जागा हाय."

मग त्यांनीच एक गोष्ट पकडली, जी मी वाचून शिकलो होतो. मारिओने नाणं घेतलं की गाण्यातला एक आवाज क्षणभर गप्प बसतो. "चार जण वाजवत्यात ना? मग ह्यातला एक मधीच उठून कुठं जातो?" बुवांनी विचारलं. तो उठून नाणं वाजवायला जातो. उडीचा, नाण्याचा, फुटलेल्या विटेचा आवाज काढायला वेगळं कुणी नाही. गाणाऱ्यांपैकीच एकाला ते काम करावं लागतं. म्हणून चांगले संगीतकार अशी रचना करत की एखादा आवाज मधूनच निघून गेला तरी चाल कोसळू नये. खेळणाऱ्याचा हात कधी काय करील हे आधी ठाऊक नसताना चाल सावरून धरायची. बुवांना हे लगेच कळलं. दिंडीत टाळकरी पाणी प्यायला बाजूला झाला म्हणून अभंग थांबत नाही.

यानंतर सेगा या कंपनीच्या यंत्रांकडे वळलो. सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात शॉ वॉलेस कंपनीमार्फत १९९५ च्या सुमारास आलं, किंमत १८,००० रुपये. आमच्या भागात ते कुणाकडे असण्याची शक्यताच नव्हती. पण त्याच्या आत दडलेली एक जुनी चिप त्याआधीच सरकारी खर्चाने भारतीय शाळांत येऊन गेली होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'एसएन ७६४८९' या चिपमध्ये तीन चौकोनी आवाज आणि एक खरखर. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात निवडक शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांत हीच चिप. सेगाच्या मास्टर सिस्टीममध्ये हिचंच भावंड, आणि पुढे मेगा ड्राइव्हमध्येही जोडीला तेच.

ही चिप आणि फॅमिकॉमची चिप समोरासमोर ठेवली की संगीतकाराची खरी अडचण दिसते. मास्टर सिस्टीममध्ये तिचा सर्वांत खालचा सूर सुमारे १०९ हर्ट्झ, बीबीसी मायक्रोमध्ये १२२. बुवांनी पेटीवर काळी एकचा षड्ज धरला. पुरुष आवाजात तो साधारण १३८ हर्ट्झ. त्याच्या खालचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास येतो. म्हणजे सेगाचे चौकोनी आवाज काळी एकच्या तंबोऱ्याची पहिली तारसुद्धा लावू शकत नाहीत. मंद्र धैवतापर्यंत उतरून तिथेच जमीन लागते. फॅमिकॉमचा त्रिकोणी आवाज त्याच्याही खाली दोन सप्तकांच्या जवळपास जातो. म्हणून मास्टर सिस्टीमवरचं संगीत वर-वर, उजेडात चालल्यासारखं, तर फॅमिकॉमवरचं पाय रोवलेलं. काही हुशार सेगा संगीतकारांनी खरखरीच्या आवाजाची एक नियमित पुनरावृत्ती करणारी रीत वापरून त्यातून खर्ज काढला. पण मग ताल धरायला खरखर उरत नाही. एक घ्यावं तर दुसरं सोडावं लागतं, आणि काय सोडायचं यात संगीतकाराची निवड दिसते.

आवाजांची संख्या एकावर आली की काय होतं? ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ चा. त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही पुढची आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून परवान्याने भारतात विकली. त्यात ध्वनीसाठी चिपच नाही. एक लहान स्पीकर, त्याचा पडदा प्रोसेसरने स्वतः पुढे ढकलायचा किंवा मागे घ्यायचा. बस, दोनच अवस्था. सूर हवा असेल तर प्रोसेसरने सेकंदाला शेकडो वेळा हेच करत राहायचं, आणि तेवढ्या वेळात खेळ चालवायला त्याच्याकडे सवड नाही. म्हणून स्पेक्ट्रमवरचं मोठं संगीत बहुधा खेळ सुरू होण्याआधी वाजतं. टिम फॉलिन हा ब्रिटिश मुलगा १९८६-८७ च्या सुमारास, सोळा-सतराव्या वर्षी, या एका पडद्यातून एकदम अनेक आवाज काढत होता. पडदा वेगवेगळ्या सुरांसाठी इतक्या झटपट आलटून-पालटून हलवायचा की कानाला ते एकत्र वाटावेत. 'क्रोनॉस' या खेळाचं त्याचं संगीत लॅपटॉपवर लावलं तेव्हा बुवा काहीच बोलले नाहीत. आवाज करकरीत आहे, कडेने फाटलेला आहे, तरी त्यात साथ आहे, ताल आहे, मागे विरत जाणारे सूर आहेत. माझ्या मते त्या सगळ्या काळातली ही सर्वांत धाडसी कामगिरी, आणि तिला मिळायला हवी तितकी दाद मिळालेली नाही.

आमच्याकडच्या मुलांनी एका आवाजाचं संगीत ऐकलं ते कॉम्प्युटर क्लासमध्ये. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी क्लास निघाले, आणि फ्लॉपीवरून 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे खेळ आले. आयबीएमच्या पीसीमधला स्पीकर स्पेक्ट्रमच्या जातीचाच, पण सूर धरून ठेवायला वेगळी टायमर चिप, त्यामुळे प्रोसेसर मोकळा. एक सूर, एकच जोर, कमी-जास्त करायची सोय नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो बनवला, आणि संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. वडील व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. बापलेकांनी मिळून केलेल्या त्या कामातले छोटे-छोटे सुरांचे तुकडे, दार उघडल्याचा, शत्रू समोर आल्याचा, प्राण गेल्याचा, एका किरकिऱ्या स्पीकरमधून येत असूनही नाटकातल्या प्रवेशासारखे वेळेवर येतात. ज्यांच्या पीसीत अ‍ॅडलिब किंवा साउंड ब्लास्टर कार्ड होतं त्यांना हेच संगीत भरदार ऐकू यायचं. क्लासच्या मशीनमध्ये कार्ड नसे. पण स्पीकरवरच्या त्या तुकड्यांत शांतता जास्त आहे, आणि तळघरात एकट्या फिरणाऱ्या राजपुत्राला ती शोभते. इथे मी स्पीकरच्या बाजूने आहे.

कमोडोर ६४ हा अमेरिकी संगणक आमच्या परिसरात कधी पाहिला नाही, तरी तो वगळून ही तुलना होत नाही. त्याची 'सिड' ही चिप बॉब यॅनेस या इंजिनीअरने बनवली, यंत्र बाजारात आलं १९८२ मध्ये. आवाज तीनच. पण प्रत्येकाला सूर कसा उगवावा, कसा टिकावा, कसा विरावा हे सांगता येतं, आणि तिन्हींवर मिळून एक गाळणी आहे जी आवाजाची धार बोथट किंवा तिखट करते. ही गाळणी प्रत्येक चिपमध्ये थोडी वेगळी निघायची. दोन कमोडोर शेजारी ठेवले तर तेच गाणं सारखं वाजेल याची खात्री नाही. बुवांना हे ऐकून आनंद झाला. दोन पेट्या सारख्या नसतात हे ते आयुष्यभर अनुभवत आले आहेत.

आणखी एक मौज इथे आहे. रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यांच्यासारखे या चिपचे मोठे संगीतकार ब्रिटनचे. त्यांनी लिहिलं ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी. तेच खेळ अमेरिकेत गेले की ६० च्या गतीने धावत. जपानी संगीत आमच्याकडे संथ झालं आणि ब्रिटिश संगीत अमेरिकेत घाईला आलं. मूळ कोणतं, हा प्रश्न मला म्हणूनच पोकळ वाटतो. संगीतकाराने जे लिहिलं ते आणि ऐकणाऱ्याच्या घरी जे वाजलं ते, दोन्ही खरं. एका पिढीने रोज ऐकलेली लय बिघाड म्हणून फेकून देता येत नाही.

याच ५० हर्ट्झच्या घरांतून एक युक्ती जन्मली. तीन आवाजांत तीन सुरांचा मेळ, खर्ज आणि चाल एकाच वेळी बसत नाहीत. म्हणून एकाच आवाजाला सेकंदाच्या दर पन्नासाव्या हिश्शाला सूर बदलायला लावायचं. सा, ग, प, पुन्हा सा. कानाला ते थरथरतं, बुडबुडतं एकच काहीतरी वाटतं. गेमचं संगीत म्हटलं की लोकांच्या मनात जो आवाज येतो तो बराचसा या थरथरीचा. ती शैली आवाज कमी पडले म्हणून आली आणि पुढे भरपूर आवाज मिळाल्यावरही लोकांनी ती हौसेने ठेवली.

मेगा ड्राइव्हच्या मुख्य चिपचं घराणं वेगळं. यामाहाची 'वायएम २६१२', सहा आवाज, एफएम पद्धतीचे. एका लहरीने दुसरीला वेगाने डोलवायचं आणि त्यातून घंटा, पितळ, जाड तार यांचे आवाज निर्माण करायचे, ही पद्धत जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ मध्ये सापडली, यामाहाने तिचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये 'डीएक्स ७' हा कीबोर्ड काढला. ऐंशीच्या दशकातली हिंदी-मराठी गाणी ज्यांनी मन लावून ऐकली आहेत त्यांना त्या काचेसारख्या कीबोर्डची चव ओळखीची वाटेल. मास्टर सिस्टीमला न मिळालेला खर्ज मेगा ड्राइव्हला मिळाला तो इथून, आणि चांगलाच खरखरीत मिळाला. युझो कोशिरो यांचं 'स्ट्रीट्स ऑफ रेज'चं संगीत १९९१ चं. अंधाऱ्या रस्त्यावर ते पाठीमागून ढकलत नेतं.

निन्टेंडोने उलट वाट धरली. सुपर निन्टेंडोची ध्वनियंत्रणा सोनीने बनवली, केन कुतारागी यांच्या हाताखाली. आठ आवाज, सगळे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांवर चालणारे. तुकडे, चाल आणि घुमण्यासाठीची जागा, सगळं मिळून ६४ किलोबाइटमध्ये. त्यामुळे व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाटतं, पण धुक्यातून आल्यासारखं, कारण जागा वाचवायला तुकडे दाबून बारीक केलेले.

दोन्हींची तुलना करायला 'स्ट्रीट फायटर २' बरा. बरंचसं संगीत योको शिमोमुरा यांचं. आर्केडवर १९९१ मध्ये, सुपर निन्टेंडोवर १९९२ मध्ये, मेगा ड्राइव्हवर १९९३ मध्ये. आर्केडचं मशीनही एफएमचं, म्हणून मेगा ड्राइव्हचं रूप मुळाजवळ जावं असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात मला सुपर निन्टेंडोवरचं जास्त पटतं. त्यातला ताल भरीव आहे आणि प्रत्येक देशाच्या लढवय्यासाठी बांधलेल्या चालीत वाद्यांचे रंग वेगळे राहतात. बुवांचं मत विरुद्ध. त्यांना मेगा ड्राइव्हची धार आवडली. आमच्या डब्याच्या कॅसेटमध्येही चोरट्या बनावटीचा स्ट्रीट फायटर असे, फॅमिकॉमच्या पाच आवाजांत कोंबलेला. त्याच्याबद्दल दोघांचं एकमत झालं की तो ऐकू नये.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी बनवलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला आणि जगभर खेळला गेला. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या खेळाचं संगीत ग्रीसच्या लिनोस झेलोस यांचं, आणि ते सुरेख आहे. खरी वाद्यं, हवे तितके आवाज, जागेची चिंता नाही. पण महाराष्ट्रात बनलेल्या गाजलेल्या खेळाला संगीतकार ग्रीसमधून आणावा लागतो, याने मी अस्वस्थ होतो. जपानी मुलांनी आपली गाणी खेळातून ऐकली आणि त्यांतली काही पुढे खेळांसाठी लिहू लागली. आमच्या मुलांनी तीच गाणी त्यांच्याइतकीच मनापासून ऐकली, पण ती संगीत म्हणून ऐकावीत, मोडून पाहावीत, तशी करून बघावीत असं त्यांना कुणी सांगितलं नाही. घरातली मोठी माणसं आवाज बंद करायला सांगत.

जुने डबे आता भंगारात जात आहेत. मी श्रीरामपूरच्या दुकानातल्या जुन्या डब्याचं वाजणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं, रंगांच्या अदलाबदलीसकट. ज्यांच्याकडे डबा उरलेला नाही त्यांनी लॅपटॉपवर फॅमिकॉमचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घेतला तरी पुणतांब्याची लय ऐकता येते. मेसेनसारख्या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडायची सोय असते. तिथे भारत सापडणार नाही. 'डेंडी' निवडायचं. डेंडी ही १९९२ मध्ये रशियात विकायला आलेली तैवानी नक्कल, तिथे एवढी गाजली की या साऱ्या जातीला तिचंच नाव पडलं. स्पंदन १७.७ लाख, चित्रं ५०. रशियातल्या एका पिढीचा मारिओ आणि आपला मारिओ एकाच लयीत चालला.

बुवांचा नातू अकरावीत आहे. ही सगळी ऐकाऐकी चालू असताना तो दारात उभा असायचा. त्याने फॅमिट्रॅकर हा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घेतला. फॅमिकॉमच्या चिपसाठी संगीत लिहायचं हे साधन, खालून वर सरकणाऱ्या रकान्यांचं, एकेका आवाजाला एकेक रकाना. त्याने त्यात भजनी ठेका बसवायला घेतला आहे. त्रिकोणी आवाजाचा सूर झटकन खाली ओढला की पखवाजाच्या डाव्या बाजूचा दाब मिळतो. जपानी संगीतकार याच युक्तीने ड्रम काढत, पण तो ओढ जरा लांबवतो आणि शेवटी किंचित वर घेतो, त्याने आजोबांचं समाधान होतं. टाळ काढायला खरखरीची एक आखूड, धातूसारखी वाजणारी जात आहे, ती वापरतो. एक चौकोनी आवाज पेटीला दिला. दुसऱ्यावर गाणारा बसवायचा, तर मींड घेताना आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी घसरतो. बुवांना तो चालत नाही. पायऱ्या बारीक करायच्या तर सेकंदाच्या प्रत्येक पन्नासाव्या हिश्शाला एक आकडा हाताने भरावा लागतो. परवा गेलो तेव्हा अभंगाच्या ध्रुवपदातली एक मींड तो भरत बसला होता आणि बुवा शेजारी पेटीवर तोच सूर धरून, अजून थोडा चढव, अजून, असं सांगत होते.